पाचव्या हाताला पाणी

पाचव्या हाताला पोहरा पाण्याला लागला, आणि विस्तिनचा सहावा हात दोर सोडायला पुढे झालेला तसाच हवेत राहिला. जिन्याला अजून एक पायरी असेल असं समजून माणूस पाय टाकतो आणि तिथं सपाट जमीन लागते, तेव्हा गुडघ्यापासून टाळूपर्यंत एक मूर्ख झटका बसतो, तसा बसला. ऑगस्ट संपत आला होता. सांता मारियाचा सण होऊन दहा दिवस लोटले होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर या बेटावर थेंब पडला नव्हता, आणि हे विस्तिनइतकं पक्कं कोणाला ठाऊक असणार? पावसाचे, उपशाचे आणि विजेच्या युनिटांचे आकडे सांभाळणाऱ्या खात्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती. ऑगस्टअखेर या घरातल्या टाक्यात पाणी पंधराव्या हाताला लागतं. चांगल्या सालात फार तर तेराव्या. पाचवा हात म्हणजे फेब्रुवारी. गच्चीवरची पन्हळ रात्रंदिवस टाक्यात वाजत असते आणि अंथरुणं ओलसर लागतात तो महिना. उरलेला दहा हात दोर त्याच्या बुटांपाशी कोरडा वेटोळं घालून पडला होता, मंजूर होऊन खर्चच न झालेल्या रकमेसारखा. असल्या रकमा विस्तिनला मुळीच आवडत नसत. त्या निघाल्या की दुसरीकडे कुठंतरी कुणीतरी हात मारलेला असतो. त्यानं पोहरा वर घेतला, बादलीत रिता केला, पुन्हा सोडला. या वेळी ओठ हलवून, लहानपणी मोजायचा तसं मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. खळ्ळ.

तो आला होता एका सहीसाठी. उन्हाळ्यात सरकारी कचेऱ्या दीड वाजता मिटतात; दीडच्या ठोक्याला शहरातून निघायचं, बस पकडायची आणि ओर्मीला म्हाताऱ्या बापाच्या घरी उतरायचं, एवढाच बेत. खात्यातल्या प्रत्येक तपासनिसानं दर दोन वर्षांनी एक कागद भरून द्यायचा असतो: माझ्या व माझ्या वडिलांच्या घरात नोंद नसलेला पाण्याचा उपसा नाही, मीटरबाहेरची मोटार नाही. खाली तपासनिसाची सही, घरमालकाची सही. कागद उद्या दुपारी बाराच्या आत द्यायचा होता. हा कागद म्हणजे विस्तिनच्या लेखी जेवणापूर्वी हात धुण्यासारखा प्रकार होता. सही घ्यायची, चहा प्यायचा, परत फिरायचं. पण तो दारात पोचला तेव्हाच वीज गेली. साऱ्या बेटाचीच गेली होती. घामाच्या दिवसांत सगळ्यांनी एकदम वातानुकूलन लावलं की जाते तशी. म्हातारा नार्दु आतल्या खोलीत दुपारच्या झोपेत होता. तोंडावर पाणी मारावं म्हणून विस्तिननं नळ फिरवला तर नळ कोरडा, कारण टाक्यातलं पाणी नळाला चढवणारा लहानसा पंप विजेवर. मग त्याला तो पोहरा आठवला. टाक्याच्या लोखंडी झाकणावर आईची पुदिन्याची कुंडी होती. ती त्यानं दोन्ही हातांनी बाजूला सरकवली, झाकण उघडलं, आणि भिंतीच्या खुंटीवरून दोर काढला. त्या दोराला किती वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता! आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती पण अजून मनात नोंदली गेली नव्हती: घर गप्प होतं. या घराला एक घरघर होती. जमिनीखालून येणारी, भांड्यांच्या फळीवरच्या बशीला हलकेच कापवणारी. तीही बंद होती.

हात मोजायला त्याला याच अंगणात शिकवलं होतं. नार्दु गोदीत कामाला होता तेव्हा. चार भावंडं, आणि वर्षभराचं पाणी गच्चीवर पडेल तेवढंच. नळ होता, पण नळाचं पाणी दिवसाआड आणि तोंडात घालवत नसे. म्हातारा, म्हणजे तेव्हाचा तरणाबांड नार्दु, शनिवारी पोरांना ओळीनं उभं करी आणि विस्तिनच्या हातात दोर देई. "मोज. मोठ्यानं. खोटं मोजशील तर पाणी खोटं होत नाही, तूच होतोस." आकडा तो खडूनं टाक्याच्या दगडावर लिही. त्या आकड्यावर आठवड्याचं घर चाले: किती मग अंघोळीला, किती फरशीला. आई त्याच पाण्यात आधी धाकट्या भावाला, लेलीला, मग मुलींना, शेवटी विस्तिनला धूत असे, आणि ते करडं पाणी कुंडीला जाई. एकदा, सात-आठ वर्षांचा असताना, पत्र्याचा एक मग त्याच्या हातून सांडला. एकच मग. म्हाताऱ्यानं अशी थोबाडीत दिली की त्या गालाला अजूनही पाणी लागलं की थोडं ऊन लागल्यासारखं होतं. मारून झाल्यावर बापानं त्याला टाक्याच्या कडेला नेलं आणि आतली वाम, सापासारखा तो मासा, दाखवली. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून लोक टाक्यात एक वाम सोडतात. यांच्या वामेचं नाव सिन्योरा. तांब्याच्या तारेसारखी अंधारात वळली. "तिला विचार," बाप म्हणाला होता, "ती एवढ्याच पाण्यात जन्म काढतेय. ती सांडते का?" विस्तिन पुढे खात्यात लागला तो कोणाच्या चिठ्ठीनं लागला हे अलाहिदा, पण तिथं तो सच्चा राहिला तो त्या चपराकीमुळं आणि त्या वामेमुळं. असं निदान तो समजत होता. निरोप समारंभात बोलायचं भाषणही त्यानं मनात रचून ठेवलं होतं. निवृत्तीला तीन वर्षं होती, तरी भाषण तयार होतं, आणि त्यात ही वाम होती.

माणूस आधी साधी कारणं शोधतो. शेजारची नळाची वाहिनी फुटून पाणी झिरपलं असेल. किंवा लेलीनं टँकर ओतला असेल. धाकटा भाऊ पाण्याचा टँकर चालवतो, बापाचं टाकं कोरडं पडलेलं बघून एखादी खेप रिकामी केली असेल, बिचारा बोलून दाखवत नाही. या दुसऱ्या कारणानं विस्तिनला क्षणभर बरंदेखील वाटलं. मग त्यानं ओंजळ भरली आणि चूळ घेतली. त्याच्या जिभेची खात्यात थट्टा व्हायची. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी तो खारटपणाचा आकडा सांगायचा आणि अहवाल फार तर पाच-दहानं चुकायचा. आभाळाच्या पाण्याला चव नसते, दगडाचा नुसता वास असतो. नळाच्या पाण्याला औषध मारल्याची चव. हे पाणी मचूळ होतं. जिभेच्या दोन्ही कडांना हलकं चिकटणारं, घशात उतरताना मागे वळून बघणारं. हे खालचं पाणी. या बेटाच्या पोटात, घरांच्या पायांखाली पन्नास-साठ हातांवर, समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगतो, दुधावर साय असते तसा. हळू काढलं तर साय येते, घाईनं ओढलं तर खालचं खारट वर चढतं. हे घाईनं ओढलेलं होतं. हे पुष्कळ वर्षं, रोज, घाईनं ओढलेलं होतं. त्यानं मोबाईलचा उजेड आत टाकला. पाण्याच्या वर हातभर अंतरावर, गराजच्या बाजूच्या भिंतीतून, दोन नळ्या आल्या होत्या. एक निळी, आत सोडणारी. एक काळी आणि जाड, खाली पाण्यात बुडलेली, बाहेर ओढणारी. दोन्हींच्या भोवती सिमेंटचा गिलावा नीट घोटलेला. विस्तिननं असा गिलावा पाहिला होता. असल्या गिलाव्याचे फोटो काढण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. खाली उजेडात सिन्योरा, किंवा तिच्या जागी आणलेली तिसरी-चौथी सिन्योरा, आळसावून वळली. वामेला गोडं काय, खारं काय, दोन्ही चालतं. तिची काही तक्रार नव्हती.

गराज लेलीचं. घराच्या मागच्या गल्लीत उघडतं, टँकर तिथं उभा असतो. टँकरवाल्याच्या भावानं तपासनीस असावं यात खात्याला वावगं वाटू नये म्हणून विस्तिननं स्वतः, न सांगता, लेलीचे कागद तपासले होते: सिज्जीवीच्या एका शेतकऱ्याचं नोंदलेलं बोअर, मीटर, पावत्या. सगळं चोख. दिवसाला दोन खेपांच्या पावत्या. आता टाक्याच्या कडेला उकिडवं बसल्याबसल्या त्याला पहिल्यांदा सुचलं, की लेली दिवसातून दोन वेळाच टँकर काढतो असं त्याला कोणी सांगितलं? लेलीनंच. आणि मग एकेक आठवायला लागलं, आठवण्याला काही धरबंधच राहिला नाही. जुन्या फायलींचा गठ्ठा एकदा सुटला की कागद मांडीवर, जमिनीवर, वाऱ्यावर. घरघर. "पा, हे कसलं वाजतं?" असं त्यानं सहा वर्षांपूर्वी विचारलं होतं. बापानं सांगितलं होतं, "झारेनचं यंत्र. कणीक मळतंय." शेजारी झारेनची बेकरी होतीच. विस्तिननं मान हलवली होती. विजेचं बिल. ते तो भरायचा, मोठा मुलगा म्हणून; मग एके दिवशी लेलीनं खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "किती करशील तू? आजपासून पा-च्या घराची वीज माझ्याकडे." विस्तिनचे डोळे भरून आले होते. घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं होतं, की लेली सुधारला. गेली सहा वर्षं त्यानं बापाच्या विजेचं बिल पाहिलं नव्हतं. साऱ्या बेटाची बिलं पाहणारा माणूस.

पण सगळ्यात वाईट आठवण रविवारच्या जेवणाची होती, आणि ती यायला वेळ लागला, कारण मन तिला दार उघडत नव्हतं. रविवारी सगळे इथं जमतात. सशाचं कालवण, दारू, झारेनकडचा पाव. लेली पाव मोडून रश्शात बुडवतो आणि सहज, तोंड भरलेलं असताना, म्हणतो, "तो स्पीरू आहे ना, कबुतरांवाला? गच्चीवर एवढी हिरवळ कशी काय रे त्याची? आम्ही गरीब टँकरवाले, आम्हाला कळत नाही बाबा." किंवा, "पोहण्याचे तलाव भरायला एक नवा टँकर फिरतोय गावात. पाणी कुठून येतं, देव जाणे. तुम्ही मोठे लोक, तुम्ही बघा." विस्तिन ऐकून ठेवायचा. सोमवारी जायचा. स्पीरूच्या खुराड्याखाली बोअर निघालं. दुसऱ्याच्या वखारीत निघालं. सहा वर्षांत, ओर्मीत आणि आजूबाजूला, अशी नऊ. नऊंवर त्याचं शिशाचं सील, सतरा नंबरच्या चिमट्यानं दाबलेलं. अहवालात एक रकाना असतो: माहिती कोणाकडून मिळाली. विस्तिननं नऊही वेळा लिहिलं होतं, 'विश्वासू व्यक्तीकडून'. भावाचं नाव मुद्दाम टाळलं होतं, उगाच कोणी त्याच्या टँकरचे टायर कापू नयेत म्हणून. खात्यानं त्याला काचेची एक ढाल दिली, ती हॉलमध्ये टीव्हीवर आहे. आणि त्या नऊ बोअरांची गिऱ्हाइकं गेली कुठं? तलाव तर भरतच होते. बेकऱ्या चालतच होत्या. ही बाकी त्यानं कधी काढलीच नव्हती. रविवारी कालवण वाढताना बाप सशाचं काळीज चमच्यानं शोधायचा आणि ते विस्तिनच्या पानात टाकायचा. लहानपणी ते लेलीला मिळायचं. हा बदल कधीपासून झाला? विस्तिनला बरोबर आठवत होतं कधीपासून, कारण पहिल्या सीलनंतरच्या रविवारी ते काळीज पहिल्यांदा पानात पडलं तेव्हा त्याला वाटलं होतं, की अखेर बापाला आपण दिसलो.

तो उठला. पायाला मुंग्या आल्या होत्या. दोर हातातच होता, तो तसाच जमिनीवर सोडून तो पुढच्या दाराशी आला. वीज नाही म्हणून गल्लीतले लोक उंबऱ्यांवर येऊन बसले होते. झारेन बेकरीवाला बनियनवर, वर्तमानपत्रानं वारा घेत होता. पिठानं भुवया कायमच्या पांढऱ्या झालेला साठीचा गडी.

"काय विस्तिनसाहेब," तो ओरडला, "आज विजेलाच सील ठोकलंत वाटतं? आम्हाला शिजवून खाणार का?"

"झारेन, तू कणीक किती वाजता मळतोस?"

"रात्री अकराला. माझा बाप अकराला, त्याचा बाप अकराला. का? त्यालाही मीटर?"

"दुपारी नाही मळत कधी?"

"दुपारी बेकरीवाला घोरतो, दादा. आज उकाड्यानं उठवलं म्हणून दिसतोय."

"रविवारी दुपारी?"

"रविवारी दुपारी तर मला फटाके लावून उठवलं तरी..." झारेन बोलता बोलता थांबला. वर्तमानपत्रही थांबलं. त्यानं विस्तिनच्या चेहऱ्याकडे, मग त्याच्या ओल्या बाह्यांकडे पाहिलं. "थांब," तो हळू म्हणाला. "थांब हं. म्हणजे तुला..."

"मला काय?"

"काही नाही."

"झारेन, मागे तू मला म्हणाला होतास, की हल्ली कणकेत मीठ घालावं लागत नाही. तुमच्या कृपेनं मीठ वाचतं, म्हणालास. मी हसलो होतो."

"हो. तू हसलास. आम्ही म्हटलं, बघा, कसा हसतो. मुरलेला माणूस." झारेननं कपाळ पुसलं. "अरे देवा. विस्तिन, तुला खरंच ठाऊक नव्हतं? आम्ही सगळे काय समजत होतो, माहिताय?"

"की मी गाढव आहे."

"छे! गाढव कोण म्हणेल? आम्ही समजत होतो तू हुशार आहेस." झारेनच्या आवाजात आता चक्क निराशा होती. "स्पीरूचं बोअर तू बंद केलंस ना, आधी तो तुझ्या नावानं थुंकला. मग क्लबात बसून म्हणाला, माणूस पक्का आहे. धंदा करावा तर असा, दुसऱ्याची दुकानं सरकारी चिमट्यानं बंद करून. तुझ्या नावानं ग्लास उचलला त्यानं. मीपण उचलला."

विस्तिन दाराच्या चौकटीला टेकला. गल्लीत ऊन पिवळ्या दगडावर पडून पांढरं झालं होतं. एकतीस वर्षांत आपण काय जमवलं याचा हिशेब त्याच्या मनात पक्का होता: जमीन नाही, बोट नाही, भाड्यानं दिलेला फ्लॅट नाही, फक्त एक नाव, विस्तिन खात नाही. ते खातं त्याच्या समजुतीनं गावाच्या मनात उघडलेलं होतं. आणि गावाच्या मनात असं खातंच नव्हतं. त्याला चोर म्हणून मान होता. गाढव समजले असते तर बरं झालं असतं. गाढव निदान ओझं खरं वाहतं. आणखी एक गोष्ट कळत होती, आणि ती झारेनच्या डोळ्यांतूनच कळत होती: आता त्याला ठाऊक झालं हे गल्लीला ठाऊक झालं होतं. आजपासून त्याचं हसू कोणालाच मुरलेल्या माणसाचं वाटणार नव्हतं.

आत आला तेव्हा म्हातारा उठून खुर्चीत बसला होता. सपाता उलट्या पायांत. शहाऐंशी वर्षांचा, डोळ्यांत ढग. उघड्या टाक्याकडे बघत होता. दिसत नसावं, पण झाकणाच्या आवाजानं उठला असणार. त्या झाकणाचा आवाज त्याच्या हाडात आहे.

"कोण आहे? विस्तिन?"

"मीच, पा."

"झाकण कशाला उघडलंस?"

"नळाला पाणी नव्हतं. पोहरा टाकला." विस्तिन समोर बसला. "पाचव्या हाताला लागलं."

 नार्दुचं तोंड दात नसलेल्या बाजूनं वर गेलं. "अजून मोजतोस?"

"तुम्ही शिकवलंत."

"मी सगळ्यांना शिकवलं. तू एकटाच शिकलास." हे कौतुक होतं की काय होतं, ते म्हाताऱ्यालाही सांगता आलं नसतं.

"बोअर कधी पाडलं?"

"तू गेला होतास ना ते शिकायला. बारा दिवस."

सायप्रसला. चोरीची बोअरं कशी शोधावीत याचा अभ्यासवर्ग. तिथून विस्तिन रोज संध्याकाळी फोन करायचा आणि बाप खोकायचा, रस्ता खणतायत, धूळ फार आहे म्हणायचा. येताना विस्तिननं त्याला छातीला लावायचं मलम आणलं होतं.

"मला सांगितलं नाहीत."

"लेली म्हणाला, त्याला सांगितलं तर त्याला झोप लागणार नाही. त्याची झोप मोडायची कशाला? तुझ्या भल्यासाठीच नाही सांगितलं." म्हातारा पुढे वाकला. "तुला काय कमी पडलं? तुझ्या मुलीच्या लग्नात अख्खा बँड कोणी आणला? जेवण कोणी घातलं? लेलीनं एक शब्द काढला कधी?"

"पा, एक मग पाणी सांडलं म्हणून तुम्ही मला याच जागी मारलंत."

"मारणारच. ते आभाळाचं पाणी होतं. मोजकं. आपल्या गच्चीवर पडलेलं, आपलं." नार्दुनं सपात जमिनीवर आपटली. "हे खालचं कोणाचं आहे?"

"सगळ्यांचं."

"सगळ्यांचं म्हणजे जो काढील त्याचं. तू नऊ जणांना काढू दिलं नाहीस. मग काढायचं कोणी?"

विस्तिनला उत्तर होतं. खात्याच्या पुस्तिकेत बारा पानांचं उत्तर होतं, खारं पाणी किती वर चढलं त्याच्या आलेखासकट. ते उत्तर त्यानं शेकडो अंगणांत, शेकडो म्हाताऱ्यांना दिलं होतं, आणि ते सगळे म्हातारे त्याच्याकडे आज बाप बघत होता तसेच बघायचे, शाळेतल्या पोराची कविता ऐकल्यासारखे.  त्याऐवजी, स्वतःलाही नको असलेल्या पोरकट आवाजात, तो म्हणाला, "दुसरं घर नव्हतं? माझ्याच घरात का?"

"तुझं घर म्हणूनच की." म्हाताऱ्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. "लबाड माणसाच्या घरात कोणीतरी कधीतरी डोकावलंच असतं. तू सच्चा. तू जितका सच्चा, तितकं हे घर सुरक्षित. मी लेलीला सांगायचो, विस्तिनच्या वाटेला जाऊ नको, त्याला आहे तसा राहू दे."

म्हणजे त्याला आहे तसा राहू दिलं होतं. कुंपणाला गंज लागू नये म्हणून रंग देतात तसं त्याच्या सच्चेपणाला दर रविवारी सशाचं काळीज. विस्तिननं बॅग उघडली. आत चिमटा होता, तार होती, शिशाचे मणी होते; तो कुठंही गेला तरी ते बॅगेत असायचं. त्यानं चिमटा बाहेर काढला. त्याचे दांडे त्याच्या मुठीच्या मापानं झिजले होते.

"सील लावतो," तो म्हणाला. "गराजच्या पंपाला. आत्ताच."

म्हाताऱ्याला चिमट्याचा आवाज ओळखू आला. तो रागावेल असं विस्तिनला वाटलं; रागावला असता तर पुष्कळ सोपं झालं असतं. पण नार्दु विचारात पडला आणि मग खरोखर पटल्यासारखी मान हलवली. "लाव की. चांगलंच होईल. तुझा सतरा नंबर बघितल्यावर आणखी आत कोण शिरतंय? लेली काढील कसं काढायचं ते."

चिमटा परत बॅगेत ठेवताना विस्तिनला इतका आवाज न करता तो कधी ठेवल्याचं आठवेना. अंगणात गप्प ऊन होतं. पुदिन्याची कुंडी बाजूला सरकवलेली, तिच्या जागी झाकणावर ओलं वर्तुळ, आणि ते कडेपासून वाळत आत येत होतं. त्यानं ते थोडा वेळ पाहिलं. मग कागद काढला. छापील मजकुराच्या दोन चौकटी होत्या: 'उपसा नाही', 'उपसा आहे'. त्याच्या हातानं वर्षानुवर्षं पहिल्या चौकटीत खूण केली होती आणि आताही पेन त्याच बाजूला निघालं, पाळलेल्या जनावरासारखं. त्याला वळवावं लागलं. दुसऱ्या चौकटीत खूण केली. खाली रिकाम्या ओळी होत्या, दोन चौकटींत जे मावत नाही त्यासाठी. त्या त्यानं कधी वापरल्या नव्हत्या. आता सुवाच्य अक्षरात लिहिलं: गराजमध्ये बोअर, निळी नळी आत, काळी नळी बाहेर, मीटर नाही. भावाचं नाव, टँकरचा नंबर. मग, अहवालात असतो तसाच, माहिती कोणाकडून मिळाली तो रकाना. तिथं पेन टेकलं आणि टेकूनच राहिलं, शाईचा एक ठिपका पसरायला लागला. नऊ वेळा तिथं एक विश्वासू व्यक्ती होती. त्यानं त्या ठिपक्यावरूनच आपलं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासह. खाली आपली सही केली. घरमालकाच्या सहीची जागा उरली.

"लिहितोयस का?" नार्दुनं विचारलं. "तो दर वेळचा कागद ना? त्यासाठीच आला होतास."

"हो."

"आण इकडे मग. चष्मा कुठं गेला कोण जाणे. असला तरी काय दिसतंय म्हणा." त्यानं हात पुढे केला, तळवा वर. त्या हाताला विस्तिन लहानपणी दोर द्यायचा. "कुठं करू? बोट ठेव."

विस्तिननं त्याचं बोट धरून जागेवर ठेवलं. म्हातारा वाकला, आणि मग थांबला. काही संशय येऊन नव्हे. म्हाताऱ्या माणसांना सही करण्यापूर्वी काहीतरी विचारायची सवय असते, आपण अगदीच मोडीत निघालो नाही एवढं दाखवण्यापुरती.

"नेहमीसारखंच आहे ना?"

एकतीस वर्षांत विस्तिन कामावर खोटं बोलला नव्हता. बापाशी तर त्याहून कधी नाही. खोटं मोजलं तर पाणी खोटं होत नाही, तूच होतोस. हे वाक्य त्याच्या भाषणात वामेनंतर येणार होतं.

"हो, पा," तो म्हणाला. "नेहमीसारखंच."

नार्दुनं सही केली. गोदीत पगार घेताना करायचा तशीच, मोठी, शेवटी एक वळणदार फराटा मारून. पेन परत दिलं आणि पोराच्या मनगटावर दोनदा थोपटलं. तेवढ्यात फ्रीज धडधडला, आईच्या फोटोखालचा तांबडा दिवा लागला, गल्लीत लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि पायांखाली, फरशीच्या आत, हळूच, आज्ञाधारकपणे, घरघर सुरू झाली. फळीवरची बशी कापायला लागली.

"आली," म्हातारा समाधानानं म्हणाला आणि खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठला. "चहा घेऊनच जा. पाणी ठेवतो."

किटली नळाखाली भरत असल्याचा आवाज आला. विस्तिन कागदाची घडी घालून खिशात ठेवून अंगणात गेला आणि जमिनीवरचा दोर खुंटीवर टांगण्यासाठी गोळा करू लागला. हाताच्या मापानं, एकेक वेढा. पंधरा हात दोर होता, आणि पाच हातच ओला होता.